हशाची परतफेड

२ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तो परत आला. तोच. सायकल तीच, मागे तंबूची वळकटी तशीच, फक्त दाढी वाढलीय. पावसात निथळत माझ्याच दारात उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या स्वाहिलीत म्हणाला, "पाया पडतो, आई. खोली आहे का?"

माझे हात पिठात होते म्हणून वाचला. नाहीतर पाच बोटं गालावर उठली असती.

"आहे की," म्हटलं. "ये बाळा, आत ये."

त्याने मला ओळखलं नाही. ओळखणार कसा? तेव्हा माझं डोकं तासलेलं होतं, अंगावर शेजारणीचं फडकं होतं. आणि तो माझ्याकडे, घराकडे बघतच कुठे होता? हातातल्या मोबाईलकडे बघत होता.

लेकीने, एदिनाने, दार-एस-सलामहून ही बँकेची डायरी पाठवली, म्हणाली, "आई, मनातलं लिहीत जा, तुला बरं वाटेल." लिहिते तर. आमचे हे गेले त्याला तीन वर्षं झाली. मातीच्या दिवशी मपुंडा आला होता. आम्ही हेहे जमातीचे, तो न्गोनी जमातीचा. आमच्या आजोबा-पणजोबांनी एकमेकांना भाले मारमारून झाले, मग कंटाळून थट्टेचे सोयरे झाले. तेव्हापासून आमच्याकडे कुणी गेलं की ते येतात, त्यांच्याकडे गेलं की आम्ही जातो. रडायला नाही, हसवायला. ते काय वाट्टेल ते बोलोत, काय वाट्टेल ते उचलून नेवोत, रागवायचं नाही. मपुंडाने ह्यांची टोपी घातली, पेटीशेजारी आडवा झाला आणि म्हणाला, "सरक की जरा! जिवंतपणी बायकोला जागा दिली नाहीस, आता मला तरी दे!" मग उठला आणि ह्यांच्यासारखा चालून दाखवायला लागला. लाकडाच्या गिरणीत पायावर ओंडका पडल्यापासून ह्यांचं डावं पाऊल बाहेर वळायचं, आणि दर दोन पावलांनी एका हाताने मागून विजार वर ओढायचे. हुबेहूब! मला हसू आवरेना. हसता हसता खाली बसले.

नेमकी मपुंडा चालत असतानाच रस्त्यावर ह्या गोऱ्याची सायकल थांबली. त्याने ते सगळं टिपलं आणि जगाला दाखवलं. नाव दिलं 'हसणारी विधवा'. वर त्याचं बोलणं, की बघा, नवरा मातीत जातोय आणि बायको खिदळतेय, हे आफ्रिकेचं कोडं मला उलगडत नाही. खाली लाखो लोकांनी लिहिलं. एदिनाने मला दोनच शेरे वाचून दाखवले. एकाने लिहिलं होतं, हिनेच विष घातलं असणार. पुढचे तिने वाचले नाहीत, फोन उलटा ठेवला.

मग गोरे प्रवासी माझ्या दारी थांबायला लागले. बसचे कंडक्टर बोट दाखवून सांगायचे, तीच ती. मोबाईल पुढे करून म्हणायचे, एकदा हसा ना. मी परक्यासमोर हसणंच सोडलं.

तो व्हिडिओ मी रोज बघते. राग थंड पडू नये म्हणून. मपुंडा चालतो तिथपर्यंत बघते आणि बंद करते. पुढे माझं तोंड येतं, ते मला बघवत नाही.

आता आलास ना घरात. बघतेच तुला.

३ फेब्रुवारी

नाव ओंद्रेय. त्याच्या सायकलचं मागचं चाक वाकलंय, तारा तुटल्यात. इरिंगा शहरातून नव्या येईपर्यंत इथेच अडकला. देवच माझ्या बाजूने आहे.

सकाळी बटाटे खाता खाता विचारलं, "आई, इथे एक बाई होती. नवऱ्याच्या मातीला हसणारी. मी तिला शोधायला आलोय. तिचा दुसरा भाग करायचाय."

म्हणजे एकदा पोट भरलं नाही.

"ती होय?" मी म्हटलं. "गेली बिचारी."

"कुठे?"

"वर."

त्याचा घास हातात राहिला. "अरे देवा. कशाने?"

"हसून."

शेजारची सिकितु टोमॅटो मांडत होती, ती टोपलीवर वाकली आणि तिचे खांदे हलायला लागले. गोऱ्याला वाटलं, रडतेय. उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला. मेला कनवाळू!

संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला निरोप गेला, की एदिनाच्या आईचं नाव कुणी घ्यायचं नाही. सिकितु म्हणाली, "आणि तुला हाक काय मारायची मग?"

"पाहुणीण म्हण."

५ फेब्रुवारी

आज सूड सुरू केला. तो सकाळी मोबाईल काठीला लावून म्हणाला, "आई, तुमच्या लोकांच्या काही खास रीती सांगा."

मी घसा खाकरला. म्हटलं, "आमच्यात पाहुण्याने उठल्याबरोबर आधी शेळीच्या पाया पडायचं. मग माणसांच्या."

पडला की! चिखलात गुडघे टेकून, शेळीला म्हणाला, "पाया पडतो." शेळीने त्याच्या टोपीचा काठ चावला. मी म्हटलं, "वा! आशीर्वाद मिळाला." मग सांगितलं, पहिलं जेवण भिंतीकडे तोंड करून जेवायचं. सायकलला रात्री पांघरूण घालायचं. आणि पाणी डोक्यावरून आणायचं, पुरुषानेच. ते ऐकून नळावरच्या बायकांनी बादल्या खाली ठेवल्या आणि त्याला वाट करून दिली. भिजला, पण पडला नाही, घरापर्यंत आणली अर्धी बादली.

हे सगळं तो जगाला दाखवणार. आणि जे इथले आहेत ते बघतील आणि पोट धरून हसतील. दार-एस-सलामपासून सोंगेआपर्यंत. मग त्याला कळेल, लोक आपल्या तोंडाकडे बघून हसतात तेव्हा पोटात कसं होतं.

छान झोप येणार आज.

८ फेब्रुवारी

परवा वीज कडाडली ती थेट टॉवरवर पडली. फोन बंद. त्याचा बंद, माझा बंद. व्हिडिओ दिसत नाही. माझी नुसती चिडचिड होतेय. भाताला मीठ दोनदा घातलं. सिकितु म्हणाली, "तुला बरं नाही का?" म्हटलं, "राग काढायला काही नाही हाताशी, म्हणून."

गोऱ्याचंही डोकं फिरलंय. आज खोलीचं दार लावून बसला. पाहुणा एकटा बसलाय म्हटल्यावर कसं चालेल? मी भाजलेलं मक्याचं कणीस घेऊन गेले, त्याच्या पलंगाच्या कडेला बसले. थोड्या वेळाने सिकितु आली. मग तिची जाऊ.

तो म्हणाला, "आई, काय झालं?"

"काही नाही. बसलोय."

"पण का?"

"तू एकटा होतास ना."

"मला एकटंच राहायचंय!" तो जवळजवळ ओरडला. "इथे लोक एक क्षण सोडत नाहीत! हागायला गेलो तरी बाहेरून विचारतात, बरं आहे ना!"

सिकितुने मला विचारलं, "हा असं का बोलतोय?"

"आजारी आहे," मी म्हटलं. आम्ही आणखी थोडा वेळ बसलो.

जाताना विचारलं, "घरी कोण कोण आहे रे?" म्हणाला, बहीण आहे, बाप आहे. बापाशी बोलतोस का? म्हणाला, "तो फार बोलत नाही. मी फोन करतो, तो म्हणतो, बरंय, बहिणीला देतो."

रात्रीच्या जेवणात त्याला अंडं घातलं. उपाशी शत्रू बघून मजा येत नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेहून आले तर टॉवर सुरू झाला होता. माझ्या फोनवर एदिनाचे चार निरोप. त्याच्या फोनवर एकच.

तो पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसला होता, फोन मांडीवर. त्याचा बाप वारला. गेल्या मंगळवारी. बहिणीने कळवलं होतं पण निरोप पोचलाच नाही. त्यांच्याकडे माती देत नाहीत, जाळतात. जाळून झालं, राख डब्यात भरून झाली. कुणी जेवायलाही बसलं नाही म्हणे, आपापल्या घरी गेले.

आणि तो रडत होता. तोंड वेडंवाकडं, नाक गळत.

मला आनंद झाला. लिहून ठेवते. मनात पहिलं हेच आलं की फोन काढ, टीप ह्याला. 'रडणारा गोरा'. पण लगेच वाटलं, रडण्यात काय? बापासाठी रडताना कुणी वाईट दिसत नाही. त्याने माझं हसू दाखवलं होतं. मला त्याचं हसू पाहिजे. बाप गेलाय आणि पोरगा खिदळतोय!

मी मपुंडाला फोन लावला.

"मेल्या न्गोन्या, जिवंत आहेस का?"

"अगं पळपुट्यांच्या नाती, तुझ्या मातीला नाचल्याशिवाय कसा मरेन?"

"उद्या ये. घरात माणूस गेलंय."

त्याने थट्टा सोडली. मग विचारलं, "कोण?"

"माझ्या छपराखालच्या पोराचा बाप."

"येतो," म्हणाला. "कोंबडी तयार ठेव, नेणार आहे."

मग वस्तीत सांगितलं. रीतच आहे ती, त्यात माझं काही नाही. ज्या घरात निरोप येतो तिथे बसायला यायचं. दुपारी अंगणात चटया पडल्या. बायका आत, पुरुष बाहेर. कुणी पीठ आणलं, कुणी सरपण, कुणी बांबूच्या दारूचा, उलांझीचा कॅन. तो दार लावून आत होता. कुणी दार वाजवलं नाही. फक्त बसले.

बऱ्याच वेळाने तो दार उघडून बाहेर आला. एवढी माणसं बघून थबकला.

"हे कशासाठी?"

"तुझ्या बापासाठी," मी म्हटलं.

"पण ह्यांनी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही."

"तुला पाहिलंय ना."

तो खाली बसला. सिकितुच्या नवऱ्याने सरकून चटईवर जागा दिली.

१२ फेब्रुवारी

आज झालं.

मपुंडा सकाळच्या बसने आला. उतरल्याबरोबर आरोळी, "ए कुत्र्यांनो! मेलेल्याला सोडून तुम्हीच सगळं जेवलात ना!" अंगणात हशा. गोरा दचकून उभा राहिला.

मी फोन काढला. शेवग्याच्या झाडाशी उभी राहिले. पडद्यात फक्त त्याचं तोंड धरलं, बाकी कशाकडे बघितलं नाही.

मपुंडाने त्याची सायकल ताब्यात घेतली आणि हँडल हलवून म्हणाला, "हा तुझा बाप का? बारीक झालाय फार!" मग त्याचा एक बूट काढून काखेत मारला. "हा माझा. वारसा हक्काने."

"काय चाललंय?" गोरा ओरडला. "माझा बाप गेलाय! लाज वाटत नाही तुम्हाला?"

ये रे ये, मी मनात म्हटलं. आता कळलं?

सिकितुच्या नवऱ्याने त्याचा हात धरला. "रागवू नकोस. तो सोयरा आहे. त्याचं कामच आहे ते."

मपुंडा समोर येऊन उकिडवा बसला. आवाज एकदम खाली आणला. "पोरा, बाप काय करायचा तुझा?"

"रेल्वेत होता. नंतर घरी. काकड्यांचं लोणचं घालायचा. बरण्याच बरण्या."

"बरण्या!" मपुंडा उठला, माझं पातेलं डोक्यावर घेतलं. "अरे, माझं लोणचं कुणी खाल्लं? फोन वाजतोय? पोरगा आहे? बरंय, बहिणीला देतो!"

हे त्याला मीच सांगून ठेवलं होतं. गोऱ्याच्या तोंडातून आधी हुंदका आला. मग आणखी एक आला, मला वाटलं हाही हुंदकाच, पण ते हसू होतं.

"आणि चालायचा कसा?" मपुंडाने विचारलं.

गोऱ्याने मान हलवली. "माहीत नाही," म्हणाला. "मी जायचो तेव्हा तो बसलेला असायचा. परत यायचो तेव्हाही. मला आठवतच नाही, माझा बाप कसा चालायचा."

मग मपुंडा पातेलं सावरत त्याच्या मागून चालायला लागला असणार, कारण अंगणात असा हशा उठला की कोंबड्या उडाल्या. गोऱ्याने मान वळवून बघितलं. आणि हसला! तोंड आ वासून, डोळ्यांतून पाणी, पोट धरून, पार चटईवर आडवा. सगळं आलं फोनमध्ये. अगदी माझ्यासारखं. खाली बसण्यापर्यंत.

मिळालं. मला पाहिजे ते मिळालं.

एक कळलं नाही. बायका हसता हसता सगळ्या माझ्याकडे का बघत होत्या? सिकितु तर आली आणि माझ्या दंडाला धरून उभी राहिली. मी म्हटलं, "सोड, फोन हलतोय."

१३ फेब्रुवारी

सकाळी त्याच्यासमोर चहा ठेवला. तो म्हणाला, "आई, कालच्याबद्दल कसं सांगू... मी इतका हसलो. मला वाटतं, मी—"

मी फोन पुढे केला. "बघ."

तो बघायला लागला. आधी हसला. मग हळूहळू हसू गेलं.

"हे कशाला टिपलं?"

"जगाला दाखवायला. नाव पण ठरवलंय. 'हसणारा पोरगा'. बाप जळतोय आणि हा खिदळतोय. खाली लोक लिहितील, ह्यानेच विष घातलं असणार."

त्याने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा मोबाईलमधून नाही, डोळ्यांनी. माझ्या केसांकडे, मग तोंडाकडे.

"तुम्ही मेला नाहीत," तो म्हणाला.

"नाही. हसून कुणी मरत नाही रे. लोकांनी हसणं बघितल्यावर मरतं."

त्याने बाजूला बघितलं. चहावर साय धरली तरी कप उचलला नाही. मला वाटलं होतं, त्याचं तोंड असं पडलेलं बघून मला नाचावंसं वाटेल. थोडंसं वाटलंही.

"मला कळलं नव्हतं," तो म्हणाला. "तुम्ही का हसत होतात ते."

"विचारायचं होतंस. मी तिथेच होते."

मग म्हणाला, "मी ते काढून टाकतो. सगळीकडून. तुम्ही हे काढाल?"

"आधी तू."

त्याने माझ्यासमोर केलं. मला बोटाने दाखवलं, हे बघा, गेलं. मी माझ्या फोनवर खात्री केली. रोजच्या जागी गेले तर तिथे काळा चौकोन, आत काही नाही. पुन्हा गेले. काही नाही. लाखो लोकांच्या डोळ्यांसमोरून माझं तोंड गेलं. छान झालं. तीन वर्षं हेच तर मागत होते.

पण घरातलं भांडं नेहमीच्या फळीवर नसावं तसं झालं. मपुंडा चालतो ते आता कुठे बघायचं, असं एकदम डोक्यात आलं. म्हणजे राग यायला, त्यासाठी.

"आता तुम्ही," तो म्हणाला.

म्हटलं, पुसायच्या आधी एकदा बघून घेते, परत मिळायचं नाही. लावलं. ह्याचं तोंड, ह्याचं हसू. आणि त्याच्या खांद्यामागे, पडद्याच्या कडेला, मपुंडा डोक्यावर पातेलं घेऊन चाललाय. डावं पाऊल बाहेर. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि एका हाताने मागून विजार वर.

गिरणीकडून घरी यायचे तसेच.

पुन्हा ठेवलेला चहा उतू जाऊन चूल विझली तेव्हा भानावर आले.

"पुसलं?" त्याने विचारलं.

"पुसलं," मी म्हटलं, आणि फोन कमरेला खोचला.

१४ फेब्रुवारी

इरिंगाहून तारा आल्या. सायकल उभी राहिली. जाताना तो आधी शेळीच्या पाया पडला, मग माझ्या. मी म्हटलं, "अरे, ती रीत नाही आमची. गंमत केली होती."

"माहीत आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशीच सिकितुबाईंनी सांगितलं."

"मग रोज पाया का पडत होतास?"

"तुम्ही खिडकीतून बघून हसायचात."

मेला! मी हसायचे? मला तर आठवत नाही.

शिदोरीला बटाटे आणि अंडी दिली. चढावर वळून हात केला. टोपीचा काठ शेळीने खाल्लेला, लांबूनही ओळखू येत होता.

मपुंडा अजून इथेच आहे, कोंबडी पोटात गेली तरी हलत नाही. त्याला म्हटलं, "मेल्या, परक्याच्या बापाला माझ्या नवऱ्याची चाल दिलीस?"

"मग काय करू? त्याला बापाची चाल ठाऊक नव्हती. मला दुसरी कुठली येत नाही."

"मला न विचारता?"

"सोयरा आहे मी. रागवता यायचं नाही तुला."

"पुन्हा एकदा चालून दाखव."

त्याने माझ्याकडे बघितलं. थट्टा केली नाही. म्हणाला, "तसं नाही करता येत, एदिनाच्या आई. ते मातीच्या दिवशीच. उगाच चाललो तर त्यांना परत बोलावल्यासारखं होईल."

"मग जा घरी," मी म्हटलं. "फार खातोस."

२० फेब्रुवारी

एदिनाचा फोन आला. म्हणाली, "आई, तो व्हिडिओ गेला! आता तरी सुटलीस. मन शांत झालं का?"

म्हटलं, "झालं."

तिला सांगितलं नाही की माझ्याकडे एक आहे. सांगितलं तर म्हणेल, पुसून टाक, त्याचं त्याने काढलं, आता कसला राग. पोरींना काय कळतं? त्याला खोटं सांगितलं ते बरोबरच केलं. तीन वर्षं त्याने माझं हसू ठेवून घेतलं होतं, मी त्याचं ठेवते.

रोज सकाळी चूल पेटली की बघते. त्याच्या तोंडाकडे नाही, कडेला बघते. सूड असा अर्ध्यात सोडता येत नाही.